गिझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

थंडी पडू लागली की आमच्या राहात्यात दोन विषय हमखास निघतात. एक बाजारातल्या पेरूच्या भावाचा आणि दुसरा घरातल्या बंद पडलेल्या गिझरचा. उन्हाळा-पावसाळाभर गिझरकडे कोणी ढुंकून पाहत नाही. डिसेंबरात पहाटे फजरच्या वुजूसाठी बटण दाबावे, तर अर्ध्या तासानेही पाणी थंडगार, नाहीतर बटण दाबताच घरातली सगळी वीज गुल. मग दिवस उजाडल्यावर वायरमनला निरोप जातो. तो येतो, झाकण न उघडताच टाकीवर दोन टिचक्या मारतो आणि सांगतो, "चाचा, आता यात काही दम राहिला नाही. नवाच घेऊन टाका."

हे ऐकून घरधन्याची पंचाईत होते. हा माणूस खरे सांगतो आहे, की नव्या गिझरमागे दुकानातून मिळणारे कमिशन बोलते आहे? बरे, दुरुस्तीचा हट्ट धरावा आणि पंधरा दिवसांत पुन्हा बंद पडला, तर घरची मंडळी ऐकवणार. दहा-बारा हजार रुपयांचा प्रश्न असतो. छोट्या दुकानदाराला, शिलाईकाम करणाऱ्याला, वेल्डिंगच्या टपरीवर बसणाऱ्या कारागिराला ही रक्कम लहान नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. विजेचे काम आमचे नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत या एका वस्तूने आम्हाला दोनदा धडा शिकवला. एकदा पैसे वाचवून आणि एकदा बुडवून. त्यातून जे समजले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

बंबाचे दिवस

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, कारण घरात तांब्याचा बंब होता. मधोमध धुराची नळी, खाली जाळी, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. कणसांची बुरकुंडे, शेणी, लाकडाच्या ढलप्या, जे मिळेल ते त्यात जळत असे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबटांची आळी आजही आहे. असे बंब घडवणे हे त्या कारागिरांचे पिढ्यान्पिढ्यांचे काम. आमच्या भागात दारोदार फिरणारे कल्हईवाले मात्र बहुधा आपल्याच समाजातले असत. भांड्यांना कल्हई करता करता बंबाची तोटी गळत असली तर तीही ते झाळून देत.

बंब दुरुस्त करायचा की बदलायचा, हे ठरवणे सोपे होते. जोवर पत्रा जाड आहे तोवर झाळून घ्यायचा. पत्राच पातळ झाला, एक भोक बुजवले की शेजारी दुसरे पडू लागले, की मोडीत द्यायचा. मोडीतही तांब्याचा भाव वजनावर मिळे आणि ती रक्कम नव्या बंबाच्या किमतीतून वजा होई. म्हणजे वस्तू मेली तरी तिची किंमत पूर्ण मरत नसे.

आजच्या गिझरचे तसे नाही. तो मोडीत गेला की भंगारवाला हातावर थोडे पैसे ठेवतो आणि विषय संपतो. म्हणून तो मोडीत काढण्याआधी अधिक विचार केला पाहिजे. प्रत्यक्षात आपण बंबाच्या काळापेक्षा कमी विचार करतो, कारण बंबाचा पत्रा डोळ्यांना दिसत होता. गिझरच्या आत काय आहे ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

गिझरच्या पोटात काय असते

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वाडी मॉन नावाच्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवणारे एक यंत्र बनवले आणि आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून त्याला 'गिझर' हे नाव दिले. तेच नाव आपल्याकडे रूढ झाले. आज घरोघरी असतो तो विजेचा, टाकीचा गिझर. त्याच्या पोटात पाच गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली टाकी. ती पोलादी असून आतून काचेसारखा मुलामा दिलेली असते, किंवा स्टेनलेस स्टीलची असते. दुसरी पाणी तापवणारी कॉइल. तिसरा थर्मोस्टॅट, जो ठरावीक उष्णतेला वीज तोडतो, आणि त्याच्या जोडीला कटआउट. थर्मोस्टॅटने दगा दिला तर कटआउट वीज बंद करतो. चौथा सुरक्षा व्हॉल्व्ह, जो जादा दाब बाहेर सोडतो. आणि पाचवी, जिची बहुतेकांना माहितीच नसते, ती मॅग्नेशियमची कांडी.

या कांडीची गंमत अशी की ती टाकीत राहून स्वतः झिजते आणि टाकीच्या लोखंडाला गंजापासून वाचवते. एक धातू झिजवून दुसरा वाचवण्याची ही युक्ती सर हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी सुचवली होती. इंग्रजीत अशा कांडीला जे नाव आहे त्याचा अर्थच कुर्बानी देणारी असा होतो. ती पूर्ण झिजली आणि वेळेवर बदलली नाही, की गंज टाकीच्या मागे लागतो.

आता मुख्य मुद्दा. या पाचांपैकी चार गोष्टी बदलता येतात आणि त्यांची किंमत शेकड्यांत असते. एकच गोष्ट बदलता येत नाही, ती म्हणजे टाकी. टाकी हाच गिझर आहे, बाकी सारे तिला जोडलेले सामान. म्हणून पहिला प्रश्न "गिझर किती वर्षांचा?" हा नसून "टाकी शाबूत आहे का?" हा आहे.

ते ओळखायचे कसे? बटण दाबताच एमसीबी पडत असेल तर बहुधा कॉइल फुटून वीज पाण्यात उतरली आहे. कॉइल बदलते. वीज येते पण पाणी तापत नाही, तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट. तेही बदलते. तापताना आतून खडखड आवाज येतो, तर तळाशी क्षार साचले आहेत. टाकी धुता येते. व्हॉल्व्हमधून तापण्याच्या वेळी थेंब थेंब पाणी येते, तर तो बहुधा बिघाडच नसतो. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले तर पाव लिटरहून अधिक वाढते, आणि त्या जादा पाण्याला वाट हवी. गळते म्हणून तो व्हॉल्व्ह बुजवणे हे घरात बॉम्ब ठेवण्यासारखे आहे. पाणी नळाच्या जोडापासून किंवा कॉइलच्या रबरी गास्केटपासून गळत असेल तर तेही दुरुस्त होते. मात्र पाणी टाकीच्या अंगातूनच झिरपत असेल, किंवा फक्त गरम पाणी तांबूस येत असेल आणि थंड पाणी स्वच्छ असेल, तर समजावे की टाकीच्या आत गंज बसला आहे. टाकी झिरपू लागली की दुरुस्तीचा विषय संपला.

आमच्या भागातले पाणी

राहात्याच्या शिवारात गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी येते, आणि जिथे ते पुरत नाही तिथे बोअर आहे. कालव्याचे पाणी सौम्य, बोअरचे जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाणी तापले की त्यातला चुना सुटतो आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. पाणी जितके जास्त तापवावे तितका हा थर लवकर चढतो. थराखाली कॉइलची उष्णता कोंडते आणि एके दिवशी ती जळते.

म्हणून बोअरचे पाणी असणाऱ्यांनी थर्मोस्टॅटचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवू नये. साठ अंशांच्या आसपास पुरेसे आहे. वर्षा-दोन वर्षांनी, थंडी सुरू होण्यापूर्वी, टाकी धुऊन कांडी पाहून घ्यावी. हे चारशे-पाचशे रुपयांचे काम केले तर पुढचा बराच खर्च टळतो.

आमच्या घरचा गिझर

काही वर्षांपूर्वी आमच्या घरचा २५ लिटरचा गिझर एमसीबी पाडू लागला. आठ वर्षे झाली होती. एका कंपनीच्या सेवा केंद्रातून माणूस आला. त्याने वर सांगितले तसेच केले. दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "याचे आयुष्य संपले. शिवाय जुना गिझर लाइट फार खातो." त्याने नव्याची किंमत सांगितली साडेदहा हजार.

आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. तेवढ्यात मोहल्ल्यातला एक तरुण, जो शिर्डीच्या लॉजमध्ये गिझर-पंपांची कामे करतो, सहज दुकानावर आला. तो म्हणाला, "चाचा, आधी उघडून तर पाहू द्या." त्याने वीज तोडली, पाणी काढले, कॉइल बाहेर काढली. तिच्यावर चुन्याचा इतका थर होता की ती मक्याच्या कणसासारखी जाड दिसत होती आणि एका ठिकाणी तडकली होती. कांडीची फक्त तार उरली होती. मग त्याने टाकीत टॉर्च मारून आम्हाला पाहायला लावले. आतला मुलामा शाबूत होता. नवी कॉइल, नवी कांडी, गास्केट आणि मजुरी धरून बिल झाले १५५० रुपये. तो गिझर त्यानंतर पाच हिवाळे चालला.

"जुना गिझर लाइट खातो" या वाक्याचा मागाहून आम्ही हिशेब मांडून पाहिला. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण ०.८७ युनिट वीज लागते. गिझर जुना असो वा नवा, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. दोन किलोवॉटच्या कॉइलला हे काम करायला सुमारे २६ मिनिटे लागतात. फरक पडतो तो तापलेले पाणी किती वेळ गरम राहते यात. स्टारची पट्टी मुख्यतः त्याच गोष्टीची असते. ज्या घरी गिझर दिवसभर चालू असतो तिथे या फरकाला किंमत आहे. आपण अर्धा तास लावून, अंघोळ करून बंद करणारे लोक. आपल्यासाठी तो फरक किरकोळ आहे. तेव्हा निव्वळ विजेच्या भीतीने चालता गिझर काढू नये.

मशिदीचा गिझर आणि आमची चूक

या अनुभवाने आम्ही जरा जास्तच शहाणे झालो. दोन वर्षांनी आम्ही ज्या मशिदीच्या कमिटीत आहोत तिथला वुजूखान्याचा गिझर गळू लागला. त्याच तरुणाने पाहिले आणि साफ सांगितले, "पाणी टाकीतून येतंय. हा बदलावा लागेल." कमिटीतले दोघे तयार होते. आम्हीच अडून बसलो. मशिदीचा पैसा म्हणजे अमानत, तो जपून वापरला पाहिजे, असे आम्ही मोठ्या आवाजात सांगितले. दुसरीकडून एक वेल्डिंगवाला आणून टाकीला ठिगळ लावून घेतले. खर्च १८०० रुपये.

कापडाचा धंदा करणाऱ्याला खरे तर हे कळायला हवे होते. उत्तम रफूगर शालीचे भोक असे भरतो की बोट फिरवूनही कळत नाही. पण कापडच विरले असेल तर तोच रफूगर शाल परत देतो. तो म्हणतो, धागा धरायला चांगला काठ पाहिजे. गिऱ्हाइकाला आम्ही आयुष्यभर हे सांगत आलो आणि स्वतः विसरलो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाकीच्या आतला मुलामा भोवताली तडकला. दोन महिन्यांत, ऐन जानेवारीत, ठिगळाच्या शेजारूनच पाणी येऊ लागले आणि ते खालच्या वायरीवर टपकले. एका बुजुर्ग नमाजीला तोटीला हात लावताच झटका बसला. अल्लाहची कृपा की झटक्यावरच निभावले.

नवा गिझर शेवटी घ्यावाच लागला. ते १८०० रुपये आम्ही कमिटीत भरले. तो उपकार नव्हता, चुकीची भरपाई होती. अमानतीचा पैसा वाचवणे म्हणजे कमी खर्च करणे नव्हे, योग्य जागी खर्च करणे, हे आम्हाला त्या दिवशी समजले. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, पवित्र कुरआनने निषिद्ध केली आहे. चांगली वस्तू फेकून नवी आणणे हा इस्राफ आहे, हे सर्वांना पटते. मेलेल्या वस्तूवर पैसे घालत राहणे हाही इस्राफच आहे, हे लवकर पटत नाही, कारण तो काटकसरीचा बुरखा घालून येतो.

व्यापाऱ्याचा हिशेब

वही घेऊन बसले तर हिशेब साधा आहे. दुरुस्तीच्या खर्चाला, त्यानंतर गिझर जितकी वर्षे चालेल त्या वर्षांनी भागावे. नव्याच्या किमतीला त्याच्या आयुष्याच्या वर्षांनी भागावे. जो आकडा लहान तो सौदा चांगला. आमच्या घरी १५५० रुपयांत किमान तीन वर्षे मिळतील असे धरले, तरी वर्षाला सुमारे ५१७ रुपये पडले. साडेदहा हजारांचा नवा गिझर दहा वर्षे चालला असता तर वर्षाला १०५० पडले असते. म्हणजे दुरुस्ती निम्म्या भावात पडली. मशिदीत मात्र १८०० रुपयांत दोनच महिने मिळाले. त्या दराने वर्षाचे १०,८०० होतात. एवढ्यात नवा गिझरच येतो.

या हिशेबात "किती वर्षे चालेल" हा आकडा कोठून आणायचा? तो गिऱ्हाइकाला माहीत नसतो. तो गिझर उघडणाऱ्याकडूनच येतो. त्याने खरा सांगितला तर हिशेब खरा. त्याने खोटा सांगितला तर वही कितीही नीट लिहिली तरी व्यर्थ. म्हणजे सारा प्रश्न शेवटी मिस्त्रीच्या जबानीवर येऊन थांबतो.

नवा घ्यायचाच ठरला तर

येथे थोडक्यात चार गोष्टी. पहिली, हमीचे कागद आधी शोधा. टाकीची हमी वेगळी आणि जास्त वर्षांची असते. पुष्कळ लोक हमीतला गिझर भंगारात देतात. दुसरी, पक्के बिल घ्या. जुलै २०१८ मध्ये गिझरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तो वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा पुढे हमीचा हक्क गमावतो.

तिसरी, गरजेपुरताच मोठा घ्या. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे हदीसमध्ये आले आहे. चार मुद्दचा एक साअ, म्हणजे अंदाजे तीन लिटर. आपण तेवढ्यात भागवू शकत नसलो, तरी चार माणसांच्या घरात एकापाठोपाठ अंघोळ होत असेल तर १५ लिटरचा गिझर पुष्कळदा पुरतो, हे तरी लक्षात घ्यावे. ज्यांच्या गच्चीवर ऊन आणि जागा आहे त्यांनी सौर बंबाचाही विचार करावा. आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर शिर्डीच्या साईबाबा संस्थानने २००९ साली प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर स्वयंपाक सुरू केला. ऊन आपल्याकडे आहेच. मात्र बोअरच्या जड पाण्याने सौर बंबाच्या नळ्यांतही चुना बसतो, हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट जिवाची आहे. अर्थिंग आणि आरसीसीबी यांवर पैसे वाचवू नका. आणि स्वस्त पडतो म्हणून गॅसचा गिझर बंद न्हाणीघराच्या आत बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही. तो बाहेरच्या मोकळ्या हवेतच असावा.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही

आता मूळ दुखण्याकडे येऊ. न उघडता "नवा घ्या" असे सांगणारे मिस्त्री इतके का झाले? आम्ही त्या तरुणाला एकदा विचारले. त्याचे उत्तर आम्हाला झोंबले. तो म्हणाला, "चाचा, मी अर्धा तास घालवून टाकी उघडतो आणि सांगतो की फक्त एक वायर निसटली होती. गिऱ्हाईक म्हणतं, मग पैसे कशाचे? चहा पाजतात आणि पाठवतात. तेच मी कॉइल गेली म्हटलं की आठशे रुपये काढून देतात. नवा घ्या म्हटलं तर दुकानदार वेगळे देतो. आता तुम्हीच सांगा, खरं बोलून माझं घर कसं चालायचं?"

बंधूंनो, यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आपण सामानाचे पैसे देतो, ज्ञानाचे देत नाही. हकीमाने नाडी पाहून "काही झाले नाही" असे सांगितले तर आपण त्याची फी देतो आणि वर शुक्र मानतो. मिस्त्रीने तेच सांगितले तर फुकटात पाठवतो. असे करून आपणच खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवतो आणि खोटे बोलणाऱ्याला पोसतो. मग तक्रार कोणाची करायची?

आपल्या समाजात वायरमन, फिटर, फ्रिज-एसीचे मिस्त्री, मोटर भरणारे असे हातावर पोट असणारे तरुण पुष्कळ आहेत. शिक्षण अर्ध्यावर सुटलेला मुलगा या कामात स्वतःच्या पायावर उभा राहतो. हे काम कमी प्रतीचे नाही. प्रेषित (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः सांधत आणि कपड्यांना ठिगळ लावीत, अशी माननीय आयेशा (रजि.) यांची साक्ष आहे. या कारागिरांचा रोजगार टिकायचा तर दुरुस्तीवर लोकांचा विश्वास राहिला पाहिजे. सरकारनेही 'दुरुस्तीचा हक्क' मान्य करण्याच्या दिशेने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात घरगुती उपकरणेही येतात. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावी, हा त्यामागचा विचार. पण कायद्याने सुटे भाग मिळतील, विश्वास मिळणार नाही. तो आपला आपल्यालाच कमवावा लागतो.

म्हणून कारागीर बंधूंना आमची तीन कामांची विनंती आहे. गिझर उघडल्याशिवाय निदान सांगू नका. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि चिठ्ठीवर लिहून द्या की टाकी चांगली आहे की गेली, नवा भाग कोणता घातला आणि किती पैसे घेतले. पाहण्याचे म्हणून दीडशे-दोनशे रुपये आधीच सांगून घ्या, त्यात लाज नाही. दुरुस्ती केली तर तेवढे बिलातून वजा करा.

गिऱ्हाईक बंधूंनाही तितकीच विनंती. पाहण्याचे पैसे हसत द्या. "काही बिघडले नाही" असे सांगणाऱ्याला तर आधी द्या, कारण त्याने तुमचे दहा हजार वाचवले. आणि "टाकी गेली, बदला" असे खरे सांगणाऱ्याशी आमच्यासारखा हट्ट करू नका.

गिझर विकणाऱ्या दुकानदारांनाही एक शब्द. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला माल खाली दडवण्याऐवजी लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. चांगली टाकी न उघडता भंगारात पाठवायला लावणे आणि ओले धान्य झाकणे यांत आम्हाला तरी फार अंतर दिसत नाही. त्या कमिशनने गल्ला भरेल, बरकत येणार नाही.

तो तरुण आता पाहण्याचे दोनशे रुपये घेतो. सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइके तुटली, असे तो सांगतो. गेल्या थंडीत मात्र त्याला शिर्डीहून, साकुरीहून आणि लोणीहूनही बोलावणी येत होती, कारण त्याने "दुरुस्त होईल" म्हटले की होते आणि "बदला" म्हटले की बदलावेच लागते, एवढी त्याच्या शब्दाची पत झाली आहे. बाजारात भांडवल अनेक प्रकारचे असते. हे भांडवल कोणतीही बँक कर्जाऊ देत नाही.

यंदाची थंडी अजून पुरती पडलेली नाही. गिझर आजच उघडून पाहून घ्या. अल्लाह आपणा सर्वांना इस्राफपासून वाचवो आणि देण्याघेण्यात खरे बोलण्याची ताकद देवो. आमीन.